उमेदीच्या संशोधकाची शिदोरी

एखाद्या सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा मुलगी जीवशास्त्राची वा वैद्यकाची पदवी चांगल्या रीतीनें मिळविते आणि एके दिवशीं वडील मंडळींपुढें येऊन सांगते कीं, नोकरी नको, दवाखानाही नको. संशोधन करावयाचें आहे. त्या वेळीं घरांत जो पहिला प्रश्न उभा राहतो तो विद्येचा नसतो, पोटाचा असतो. किती वर्षें लागणार? तोंपर्यंत खर्च कोण सोसणार? शिकविणार कोण? आणि शेवटीं हातीं काय लागणार? हे प्रश्न क्षुद्र आहेत असें कोणीं समजूं नये. संशोधकाच्या आयुष्यांतील पहिलीं सहासात वर्षें ह्याच प्रश्नांच्या उत्तरांवर उभीं राहतात किंवा कोसळतात.

ह्याचें एक बोलकें उदाहरण मराठी घरांतलेंच आहे. विदुषी दुर्गाबाई भागवत ह्यांचें नांव मराठी वाचकांस सांगावयास नको. त्यांच्या भगिनी कमलाबाई, म्हणजे विवाहानंतरच्या कमला सोहोनी, ह्यांचें कार्य मात्र थोड्यांस ठाऊक असतें. १९११ सालीं इंदूर येथें जन्मलेल्या कमलाबाई १९३३ सालीं मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. एस्सी. झाल्या. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेंत रसायन शिकलेले. तेव्हां मुलीनेंही तेथेंच जावें हें स्वाभाविक होतें. परंतु संस्थेचे त्या वेळचे संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांनीं, अर्जदार स्त्री आहे एवढ्याच कारणावरून, प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहींत. त्यांनीं सत्याग्रहाचा मार्ग धरला, आणि अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलें वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून गणलें जाणार नव्हतें; मार्गदर्शक सांगतील तेव्हां रात्रीं उशिरांपर्यंत काम करावयाचें होतें; आणि आपल्या वावरण्यानें प्रयोगशाळेची शिस्त बिघडूं द्यावयाची नव्हती. ज्याला जगानें नोबेल पारितोषिक दिलें त्याच्याही दृष्टीला अशी एखादी आंधळी जागा असूं शकते. वर्षभरानें रामन ह्यांचें समाधान झालें आणि त्या संस्थेचें दार पुढील मुलींना उघडें झालें.

दार उघडलें तरी शिकविणारा भेटावा लागतो. श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक कमलाबाईंना भेटले. त्यांच्या हाताखालीं दूध व डाळी ह्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ सालीं त्या एम. एस्सी. झाल्या. ह्यानंतर लागला तो पैसा. मुंबई विश्वविद्यालयाची स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ति आणि सर मंगळदास नथुभाई ह्यांच्या नांवाची परदेशीं शिक्षणाची शिष्यवृत्ति अशा दोहोंच्या आधारावर त्या केंब्रिजला गेल्या. तेथें बटाट्यावर काम करीत असतां, पेशीच्या श्वसनांत भाग घेणारें सायटोक्रोम-सी हें द्रव्य वनस्पतींतही असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. १९३९ सालीं त्यांना पीएच. डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघा सुमारें चाळीस पृष्ठांचा होता. पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेंत त्यांनीं डाळी, नीरा, ताडगूळ अशा गरिबाच्या आहारांतील पदार्थांचें पोषणमूल्य तपासलें, आणि नीरेवरील कामासाठीं त्यांना राष्ट्रपति-पुरस्कार मिळाला. एका दानशूर शेटजीच्या नांवें ठेवलेला पैसा शेवटीं कुपोषित मुलाच्या पेल्यापर्यंत पोहोंचला, तो असा.

दार, गुरु आणि द्रव्य ह्या तीन गोष्टींपैकीं एकही उणी पडली असती, तर बाकीच्या दोन व्यर्थ गेल्या असत्या. आजचा विद्यार्थी ह्या तिन्ही कोठें शोधूं शकतो, हें आतां पाहूं.

पुणें शहराचें भाग्य असें कीं, वैद्यकीय संशोधनाचें एक थोर गुरुकुल येथें १९५२ सालीं सुरू झालें. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांनीं मिळून स्थापिलेलें विषाणु संशोधन केंद्र तें हेंच. पांच वर्षांतच, १९५७ सालीं, शिमोगा जिल्ह्यांतील क्यासनूरच्या रानांत माकडें पटापट मरूं लागलीं आणि माणसें तापानें फणफणूं लागलीं. तेव्हां ह्या केंद्रांतील मंडळींनीं तेथें जाऊन रोगाचा विषाणु शोधला आणि गोचिडींच्या द्वारें तो पसरतो हें सिद्ध केलें. रान तुडवून नमुना आणणें, तो प्रयोगशाळेंत जपणें, आणि मग निष्कर्ष काढणें, हें शिक्षण पुस्तकांतून मिळत नाहीं. १९७८ सालीं ह्याच केंद्राचें नांव राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था असें झालें. आणि २०२० सालच्या जानेवारींत देशांतील पहिल्या कोरोना रुग्णाचें निदान पक्कें झालें तें ह्याच संस्थेंत. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं तरुणांच्या शिक्षणावर झालेला खर्च असा संकटकाळीं व्याजासह परत येतो. ह्याखेरीज विश्वविद्यालयाच्या आवारांतील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, १९४६ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची आघारकर संशोधन संस्था, आणि पाषाणची २००६ सालीं निघालेली आयसर, अशीं दारें एका शहरांत आहेत.

आतां द्रव्याची वाट. वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें पदवीची वाट पाहण्याचें कारण नाहीं. वैद्यकीय संशोधन परिषदेनें १९७९ सालीं विद्यार्थ्यांसाठीं अल्पकालीन संशोधन-विद्यावेतन सुरू केलें. त्यांत आपल्याच महाविद्यालयांतील शिक्षकाच्या मार्गदर्शनाखालीं दोन महिन्यांचें छोटें काम करावयाचें असतें. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसाठीं देशांतील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यांत अधिछात्रवृत्त्या देत आल्या आहेत. ही रक्कम मोठी नसते. पण प्रयोगशाळेचें जीवन आपल्याला मानवतें कीं नाहीं, हें दोन महिन्यांत कळतें, आणि तें कळणें पांच वर्षें वांचविण्यासारखें आहे.

पदव्युत्तर परीक्षेनंतर नेट ह्या चाचणीचा घाट चढावा लागतो. तींत वरच्या श्रेणींत आलेल्यास कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ति मिळते. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये, शिवाय घरभाडें, अशी ठरली. पीएच. डी. नंतरचा काळ अधिक बिकट, कारण पदवी मोठी आणि जागा थोड्या. त्या पोकळींत हात देण्यासाठीं केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि इंग्लंडमधील वेलकम ह्यांनीं २००८ सालीं इंडिया अलायन्स ही संस्था काढली. तिच्या उमेदवार संशोधकासाठींच्या पांच वर्षांच्या अधिछात्रवृत्तींत वेतनाबरोबर प्रयोगाचा खर्चही धरलेला असतो, म्हणजे तरुणास स्वतःचा प्रश्न स्वतः सोडविण्याची मुभा मिळते.

एवढें सांगून थांबणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. अधिछात्रवृत्तीचे हप्ते कधीं कधीं महिनोन्‌महिने येत नाहींत; वसतिगृहाचें देणें मात्र थांबत नाहीं. मार्गदर्शक बदलणें अवघड असतें. मुलगी असेल तर, "आणखी किती शिकणार?" हा प्रश्न रामन ह्यांच्या अटींहून सौम्य शब्दांत, पण तितक्याच कठोरपणें, तिच्या घरींच विचारला जातो. कमलाबाईंच्या घरानें तो विचारला नाहीं, ही त्यांना मिळालेली पहिली शिष्यवृत्ति होय.

म्हणून घरच्या मंडळींनीं तीन गोष्टी कराव्या. मुलाला किंवा मुलीला मार्गदर्शक निवडण्यापूर्वीं त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना भेटावयास सांगावें. गुरूची खरी परीक्षा शिष्यांच्या तोंडून होते. सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज घरांत करून ठेवावी, म्हणजे हप्ता चुकल्यास प्रयोग मोडणार नाहीं. आणि अपयशाचें वर्ष आलें तर तें वायां गेलें असें म्हणूं नये. बीं जमिनीखालीं असतें तेव्हां शेतकरी रोज माती उकरून पाहत नाहीं.

उमेदीच्या वयांत दिलेला आधार लहान दिसतो. पण त्याच आधारावर कोणी एक तरुणी आज पुण्यांतल्या एखाद्या प्रयोगशाळेंत रात्रीं दिवा जाळीत बसली असेल, आणि उद्यांच्या सांथींत त्या दिव्याचाच उजेड आपल्या घरांत पडेल.