कवटीला विचारायचा प्रश्न



इरावती कर्वे यांची ओळख या सभेला करून द्यायला नको. ‘युगान्त’ तुम्ही वाचले आहे, काहींनी वर्गात शिकवलेही आहे. मी शरीररचनाशास्त्राचा शिक्षक. म्हणून आज त्यांच्या मराठीत नसलेल्या एका लेखनाविषयी बोलणार आहे. तो त्यांचा बर्लिनमधला जर्मन भाषेतील प्रबंध. विषय होता माणसाच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील असमानता.

१९२८ मध्ये इरावतीबाई जर्मनीला निघाल्या. सासरे महर्षी कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता. पैशांची सोय जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जातून झाली. हेच मेहता पुढे बडोदे संस्थानाचे दिवाण झाले, तेव्हा या हकिकतीचा एक धागा आपल्या गावापर्यंत येतो.

बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानवशास्त्र विभागाचे प्रमुख. माणसांच्या वंशांची उतरंड असते, हे त्यांचे गृहीत होते. युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू अधिक असमान असाव्यात आणि ते श्रेष्ठ बुद्धीचे चिन्ह असावे, अशी त्यांची अटकळ होती. तपासणीचे काम विद्यार्थिनीकडे आले. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपीय होत्या, तशा आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष असा निघाला की असमानता आहे, पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूंना हवे असलेले उत्तर कवट्यांनी दिले नाही, आणि शिष्येने ते त्यांच्या तोंडी घातले नाही.

मग ही असमानता येते कोठून? नवजात बाळाच्या कवटीची हाडे सुटी असतात, टाळू मऊ असते. बाळ सतत एकाच कुशीवर निजले तर डोके त्या बाजूने चपटे होते. आपल्या घरांतून मोहरीची उशी देतात ती याच अनुभवातून. पुढे एकाच बाजूने चावण्याची सवयही जबड्यावर आणि गालाच्या हाडावर परिणाम करते. याखेरीज मेंदूचाच एक कल आहे. बहुतेकांत उजवी बाजू पुढे आणि डावी बाजू मागे किंचित फुगीर असते, आणि तिचा ठसा कवटीच्या आतल्या अंगावर उमटतो. असा कल चिंपांझी आणि गोरिला यांच्यातही, कमी प्रमाणात का होईना, आढळतो. म्हणजे जे लक्षण एका मानवसमूहाच्या श्रेष्ठत्वाची खूण म्हणून शोधले जात होते, त्याची मुळे माणूस माणूस होण्याच्याही आधीची आहेत. उत्क्रांतीचा वारसा सर्वांचा असतो. त्यावर एकट्याला मालकी सांगता येत नाही.

हाडांचा आकार पुष्कळ काही सांगतो. मांडीचे हाड गुडघ्याकडे आत कललेले असेल तर तो प्राणी दोन पायांवर चालत होता. इथिओपियात १९७४ मध्ये सापडलेली ‘लूसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वी उभी चालत होती, हे तिच्या कटीच्या आणि पायांच्या हाडांवरून कळते. तिचा मेंदू मात्र चिंपांझीच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. आधी पाय बदलले, डोके नंतर. आकाराला ‘तू कसा जगलास?’ असे विचारले तर तो उत्तर देतो. ‘तुझी योग्यता किती?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. १९४० च्या दशकात उत्तर गुजरातेतील लांघणज येथे ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले. तेथील मानवी सांगाडे इरावतीबाईंनी अभ्यासले आणि त्यांत ईशान्य आफ्रिकेतील लोकांशी साम्य पाहिले. थोड्या कवट्यांवरून ‘नमुना’ ठरवण्याची ती त्या काळच्या शास्त्राची रीत होती. आज आपण तसे करणार नाही. १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले की माणसांतील जनुकीय भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका समूहाच्या आतच असते. कवटीच्या मापांचे चित्रही ढोबळमानाने तसेच आहे. बर्लिनचे निर्भीड उत्तर आणि लांघणजची काळाची मर्यादा, ही दोन्ही एकाच अभ्यासकाची आहेत. एकीमुळे दुसरी झाकू नये.

आपण भाषेची माणसे, म्हणून शेवटी एका शब्दाविषयी बोलतो. मराठीत ‘वंश’ म्हणजे कूळ, ‘वंश’ म्हणजे राजघराणे, आणि ‘वंश’ म्हणजेच माणसांची ठरवलेली जातकुळीही. ‘मानववंशशास्त्र’ या नावातही तो आहे. कुळाचा वंश खरा असतो, आजोबा-पणजोबा मोजता येतात. त्या शब्दाचा खरेपणा दुसऱ्या अर्थाला न मागता मिळतो, आणि पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या मुलाला दोन्ही सारखेच पक्के वाटतात. शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. लिहिताना आणि शिकवताना तो कोणत्या अर्थाने वापरतो आहोत, एवढे दर वेळी सांगावे. १४९ कवट्यांपुढे बसलेल्या तेविशी-चोविशीतल्या मुलीने गृहीत आणि मोजमाप वेगळे ठेवले. तेवढी शिस्त आपल्या वाक्यांनाही लागू आहे.