मनातलं ओळखावं कसं?



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. इतकी माणसं एकत्र चालायची, एका पंगतीला जेवायची, म्हणजे एकमेकांविषयी बोलणं आलंच. ‘हा पुढं पुढं करतो ते नावासाठी.’ ‘तो मागं राहतो, अंगचोर हाय.’ मन कुणाला दिसत नाही, तरी आपण निकाल देऊन मोकळे!

मग ओळखायचं कसं? तुकोबारायांच्या चरित्रात त्याची खूण सापडते. महिपतीबुवांनी ती कथा सांगितली आहे. घरात सावकारी होती, लोकांकडच्या येण्याची खतं होती. दुष्काळ होऊन गेलेला. तुकोबांनी ती खतं इंद्रायणीत सोडायचं ठरवलं. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, तुम्ही विरक्त झालात, मला प्रपंच करायचा आहे. तुकोबांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या. अर्धी कान्होबांना दिली, आपली अर्धी डोहात सोडली.

आता नीट बघा. नुसती खतं बुडवली, एवढ्यावरून मनातलं कळत नाही. माणूस रागानं बुडवील, कंटाळून बुडवील, लोकांनी वाहवा करावी म्हणूनही बुडवील. खरं कळतं ते वाटणीवरून. वाहवा पाहिजे असती तर सगळीच बुडवली असती, नाव दुप्पट झालं असतं. राग असता तर भावाचं ऐकलंच नसतं. गेलं ते स्वतःचं, भावाच्या हक्काला हात लावला नाही. आणि पुढं शिवाजी महाराजांचा नजराणा आला, तोही परत पाठवला, असं परंपरा सांगते. म्हणजे एक दिवसाचा उमाळा नव्हता.

तर माउली, तीन गोष्टी बघाव्या. त्याचं स्वतःचं काय गेलं? दुसऱ्याचं राखलं का? आणि पुढंही तसाच वागला का?

खोट काढायची असेल तर आणखी दमानं घ्यावं. औताचा बैल तासात बसला तर जाणता शेतकरी लगेच चाबूक उचलत नाही. आधी जू काढतो, खांदा सुजलाय का बघतो, खुरात काटा मोडलाय का बघतो. बैलासाठी एवढं करतो, मग वारकऱ्यासाठी का नको?

आपल्या दिंडीत लहानथोर एकमेकांच्या पाया पडतात. ती रीत नुसती मान देण्यापुरती नाही. खाली वाकलं की मागं राहणाऱ्याच्या पायाचे फोड दिसतात.

रामकृष्ण हरी.