काचपट्टीची साक्ष

चेन्नईच्या पश्चिमेस वसलेल्या आवडीचे नाव मराठी कानाला सहज आपलेसे वाटते. १९५५ साली काँग्रेसच्या अधिवेशनात समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव येथेच संमत झाला आणि हे नाव देशभर पोचले. पुढे रणगाड्यांच्या कारखान्याने त्याला दुसरी ओळख दिली. तिसरी ओळख मात्र फारशी कोणाच्या कानी नाही. ती आहे काटेकोर तपासणीची.

केंद्रीय जाल्मा कुष्ठरोग संस्थेचे क्षेत्रकेंद्र आवडीस होते. डॉ. मोहन गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तेथील मंडळींनी जानेवारी १९९१ पासून दक्षिण भारतात कुष्ठरोगप्रतिबंधक लसींची तुलनात्मक चाचणी हाती घेतली. सुमारे १,७१,४०० लोक स्वेच्छेने तीत सामील झाले. लसी चार होत्या, आणि पाचवे होते नुसते मिठाचे पाणी. त्या चारांपैकी एक लस मुंबईची. भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या जिवाणूंच्या अभ्यासातून तिचा उगम झाला होता. कोणाला काय टोचले हे टोचून घेणाऱ्यास ठाऊक नव्हते, तसेच पुढे त्याचे अंग तपासणाऱ्यासही नव्हते. दुसरी फेरतपासणी पुरी झाल्यावरच सांकेतिक खुणा उलगडल्या गेल्या. मुंबईच्या लशीने ६५.५ टक्के संरक्षण दिल्याचे तेव्हा दिसले, तर नुसत्या बीसीजीने ३४.१ टक्के.

तपासणाऱ्यावर अविश्वास होता म्हणून ही गुप्तता पाळली, असे नव्हे. प्रामाणिक डोळाही मनात जे असेल तेच पाहू लागतो, हे जाणून ती पाळली होती. हाच न्याय रुग्णालयातील प्रयोगशाळेलाही लागू पडतो.

कुष्ठरोग्याच्या त्वचेला बारीक छेद देऊन घेतलेला द्रव काचपट्टीवर पसरतात, कार्बोल फुक्सिनने रंगवितात, आम्लाने धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजतात. काम साधे दिसते. परंतु रंग गाळून घेतला नाही तर त्याचे कण जंतूंसारखे भासतात, आणि आम्ल अधिक वेळ राहिले तर खरे जंतूही फिके पडून दृष्टीआड होतात. शंभर क्षेत्रे पाहावयाची तेथे दहाच पाहिली, तर विरळ जंतू हाती लागत नाहीत.

या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ साली बहुऔषधी उपचार सुचविले, तेव्हा अल्पजंतू रुग्णास दोन औषधे सहा महिने आणि बहुजंतू रुग्णास तीन औषधे किमान दोन वर्षे, असा भेद होता. जंतूंनी भरलेली काचपट्टी कोणी चुकून निर्जंतुक ठरविली, तर त्या रुग्णाचा उपचार अर्ध्यावरच सुटण्याची भीती होती. अनेक ठिकाणी काचपट्टीचा निकाल भरवशाचा राहिला नाही. अखेर १९९८ साली संघटनेच्या तज्ज्ञ समितीने उपचार सुरू करण्यासाठी ही तपासणी आवश्यक मानू नये, असे ठरविले. चट्टे मोजून वर्गवारी करणे पुरेसे मानले गेले. परीक्षा खोटी नव्हती. परीक्षक घडविण्यात आणि त्यांच्यावर देखरेख ठेवण्यात उणीव राहिली होती.

यावर उपाय गूढ नाही. प्रत्येक घाणीच्या रंगाबरोबर एक निश्चित जंतूयुक्त व एक निश्चित जंतूरहित काचपट्टी रंगवावी. वाचून झालेल्या काही पट्ट्या, पहिला निकाल झाकून, दुसऱ्या जाणत्याकडून पुन्हा वाचवाव्यात. तंत्रज्ञाला वेळोवेळी उजळणी द्यावी. बाहेरून येणारे नमुने तपासून आपला निकाल इतरांच्या निकालाशी ताडावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने देशातील प्रयोगशाळांसाठी अशी सोय केली आहे. चूक सापडली तर माणसावर डाफरण्यापूर्वी रंग, भिंग आणि कामाचा भार पाहावा. कारण शिक्षेचे भय असले की चुका घटत नाहीत, लपतात.

२ जुलै १९९९ रोजी आवडीचे हे केंद्र आणि चेन्नईची वैद्यकीय सांख्यिकी संस्था एकत्र होऊन राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था निर्माण झाली. मोजणारा आणि मोजणी पारखणारा एका छपराखाली आले, हे योग्यच झाले. रुग्ण काचपट्टी पाहत नाही. त्याच्या हाती येतो एक कागद, आणि त्यावर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणूनच तो कागद लिहिणाऱ्याला डोळे मिटण्याची मुभा नाही.