हेन्लोपेनच्या पुळणीवर दोन रात्री



अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर डेलावेअर नावाचं एक चिमुकलं राज्य आहे. त्याच्या टोकाला, डेलावेअरचा उपसागर अटलांटिकला मिळतो तिथे, केप हेन्लोपेन हे भूशिर. फिलाडेल्फियात राहणाऱ्या माझ्या बहिणीकडे गेले होते, तेव्हा भाचीच्या हट्टामुळे मे महिन्यातल्या दोन रात्री तिथे तंबूत काढल्या. त्या दोन रात्रींबद्दल आज बोलायचं आहे.

गाडीतून उतरल्यावर आधी दिसतात ते मनोरे. राखाडी काँक्रीटचे, गोल, गिरणीच्या धुराड्यासारखे. रंग नाही, शोभा नाही. वरच्या अंगाला समुद्राकडे तोंड करून आडव्या, अरुंद फटी. दुसऱ्या महायुद्धात इथे फोर्ट माइल्स ही लष्करी छावणी होती. उपसागरातून आत गेलं की विल्मिंग्टन, फिलाडेल्फिया, तिथल्या गोद्या, तेलाचे कारखाने. म्हणून १९४१ पासून या तोंडावर तोफा बसवल्या आणि पाण्याखाली सुरुंग पेरले. मनोऱ्यांचं काम होतं नजर ठेवण्याचं. दोन मनोऱ्यांतले सैनिक एकाच जहाजावर दुर्बीण रोखत आणि आपापला कोन टेलिफोनवरून कळवत. दोन मनोऱ्यांमधलं अंतर माहीत, दोन कोन माहीत. मग जहाज नेमकं कुठे आहे ते काढता येई. आपण शाळेत शिकलेली त्रिकोणाची भूमितीच ती!

सात नंबरच्या मनोऱ्यावर चढता येतं. आत गोल जिना. वर फटीला डोळा लावला, तर सगळी क्षितिजरेषाच समोर. हवा स्वच्छ होती, त्यामुळे पलीकडच्या न्यू जर्सीतलं केप मेचं दीपगृहही दिसलं. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. विशीतली मुलं इथे तासन् तास रिकाम्या पाण्याकडे पाहत बसली असतील. आणि भीती खोटी नव्हती. २८ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे याच भागातल्या समुद्रात जर्मन पाणबुडीने 'जेकब जोन्स' ही अमेरिकन विनाशिका बुडवली. तिच्यावरचे जेमतेम ११ जण वाचले. पुढे फोर्ट माइल्सच्या तोफांना शत्रूच्या जहाजावर एकही गोळा डागावा लागला नाही. शत्रू आला तो १४ मे १९४५ रोजी, शरण यायला: यू-८५८ ही जर्मन पाणबुडी या भूशिराजवळच ताब्यात देण्यात आली.

'मिसुरी' या युद्धनौकेवर जपानने शरणागती पत्करली, हे आपण वाचलेलं असतं. त्या नौकेच्या तोफेची एक अजस्र नळी आता इथे आणून ठेवली आहे. मुलं तिच्या तोंडात डोकं घालून हाका मारतात.

मला मात्र वेगळंच वाटत राहिलं. इथून थोडं दक्षिणेला रेहोबोथ नावाचं गाव आहे, तिथे किनाऱ्याला लागून हॉटेलं आणि बंगले. इथे एकही नाही. सैन्याने जागा अडवून धरली होती. १९६४ साली ती उद्यानाला मिळू लागली, तेव्हा वाळूच्या टेकड्या आणि त्यांवरची पाइनची झाडं बऱ्याच अंशी तशीच राहिलेली होती. टोकाचा भाग आजही वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत माणसांना बंद असतो. आता तो राखायचा 'पायपिंग प्लव्हर'साठी. आपल्या चिखल्याच्या कुळातला हा वाळूच्याच रंगाचा पक्षी उघड्या वाळूत खळगा करून अंडी घालतो, बहुधा चार. दोरीपाशी उभं राहून मी दुर्बिणीतून शोधत राहिले. खूप वेळाने एक 'खडा' तुरुतुरु पळाला.

पण मी खरी गेले होते ती रात्रीसाठी. पौर्णिमेचं उधाण होतं. अंधार पडता पडता उपसागराकडच्या किनाऱ्यावर लाटांबरोबर तपकिरी टोपल्या पालथ्या पडाव्यात तसे जीव येऊ लागले. हा हॉर्सशू क्रॅब. नावात खेकडा असला तरी नातं कोळ्या-विंचवांशी. चाळीस कोटींहून अधिक वर्षं हे कूळ टिकून आहे. मादी मोठी, पाठीला घट्ट धरून बसलेला नर लहान. वाळूत रुतून ती हिरवट, बाजरीएवढी अंडी घालते. एक लाट आली आणि माझ्या पायाशी एक जण उताणा झाला. पाय हवेत, टोकदार शेपटी वाळूत रोवून उलटायची धडपड. शेपटी धरायची नाही, तिला इजा होते. कवचाच्या कडेला हात घालून मी त्याला सुलटा केला. कवच थंड आणि गुळगुळीत, ओल्या पाटीसारखं. त्याने क्षणभर थांबून अंदाज घेतला आणि थेट पाण्याची वाट धरली.

याचं रक्त निळं. इंजेक्शनच्या औषधांत जिवाणूंचं विष तर नाही ना, हे तपासायला ते कित्येक दशकं वापरलं गेलंय. त्याच्या अंड्यांवर 'रेड नॉट' हे पक्षी पोसले जातात. दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून उत्तर ध्रुवाकडे जाताना ते इथे उतरतात आणि काही दिवसांत वजन जवळजवळ दुप्पट करून पुढे निघतात. १९९० च्या दशकात मासेमारीच्या आमिषासाठी हे हॉर्सशू क्रॅब बेसुमार पकडले गेले, आणि पाठोपाठ रेड नॉटची संख्या ढासळली. निर्बंध आलेत, पण ते थवे अजून पूर्वीसारखे भरलेले नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं तिकडे असतील आणि मे-जूनमध्ये जाणं होणार असेल, तर दिनदर्शिकेत पौर्णिमा-अमावास्या पाहून तंबूची जागा लवकर राखून ठेवा. मेखा लांब घ्या. नेहमीच्या मेखा वाळूत धरत नाहीत, पहिल्या रात्री आमच्या तंबूची एक बाजू वाऱ्याने अंगावर आली होती. डासांसाठी अंगभर कपडे न्या. टॉर्चवर लाल कागद लावा. आणि पहाटे उजाडायच्या आत किनाऱ्यावर या. रात्री मागे राहिलेले काही जण तेव्हाही उताणे पडलेले असतात, आणि ऊन चढायला फार वेळ नसतो.