जुनी फियाट : सुट्या भागाआधी त्याची ओळख

जुन्या मोटारीचे सुटे भाग मिळत नाहीत, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. परंतु गाडी कोणत्या सालची, कोणत्या मॉडेलची आणि हवा असलेला भाग कोणत्या मापाचा, हे सांगता आले नाही तर दुकानाच्या मांडणीवर असलेली वस्तूही गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही. वैभववाडीसारख्या गावातून मोठी बाजारपेठ गाठायची म्हणजे करूळचा घाट चढून कोल्हापूरला किंवा कोकण रेल्वेने मुंबईला जावे लागते, त्यामुळे चुकीचा भाग आणला तर पैशांबरोबर सगळी खेपच फुकट जाते. यास्तव आधी गाडीची ओळख, मग तिची पुस्तके आणि शेवटी सुटा भाग, हाच क्रम सोयीचा ठरतो.

महाराष्ट्रापुरता विचार करता या विषयाचे सर्वांत ठळक उदाहरण कुर्ल्यात तयार झालेल्या फियाट मोटारीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिने प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची, नंतर इटलीच्या फियाट कंपनीच्या गाड्यांची जुळणी व निर्मिती केली. १९५४ नंतर आलेल्या फियाट ११०० या गाडीला लोकांनी तिच्या गोलसर घडणीवरून ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ मध्ये तिच्या जागी ‘डिलाइट’ आली, फियाटशी असलेल्या कराराची मुदत संपल्यावर तीच गाडी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ या नावाने विकली गेली आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नावे बदलली तरी १०८९ घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनाचा गाभा तोच राहिला. त्यामुळे डिलाइटसाठी हवा असलेला इंजिनाचा एखादा भाग पद्मिनीच्या नावाखालीही सापडू शकतो. दरवाजे, दिवे आणि पत्र्याचे भाग मात्र वेळोवेळी बदलत गेल्याने त्यांच्या बाबतीत हा अंदाज फसतो.

अशा गाडीविषयीची छापील माहिती तीन प्रकारच्या पुस्तकांत विभागलेली असते. पहिले मालकासाठीचे माहितीपुस्तक, जे गाडीबरोबर मिळत असे आणि ज्यात तेल, टायरमधील हवा व नित्याची निगा एवढेच असते. दुसरे वर्कशॉप मॅन्युअल, म्हणजे मेस्त्रीसाठी लिहिलेले दुरुस्तीचे पुस्तक. त्यात कोणता बोल्ट किती आवळावा, व्हॉल्व्हमध्ये किती फट ठेवावी, भाग किती झिजला की बदलावा, हे आकड्यांत दिलेले असते. तिसरे पार्ट्स कॅटलॉग, ज्यात प्रत्येक जुळणीचे सुटे करून काढलेले चित्र आणि प्रत्येक तुकड्याचा कंपनीने दिलेला क्रमांक असतो. दुरुस्ती करणाऱ्याला दुसरे पुस्तक लागते, खरेदी करणाऱ्याला तिसरे. आणि या दोहोंचा उपयोग करण्यापूर्वी गाडीच्या पट्टीवरील चासी क्रमांक व इंजिनावर ठोकलेला क्रमांक नोंदवून घ्यावा लागतो, कारण कॅटलॉगमधील अनेक भाग अमुक क्रमांकापर्यंत एक आणि त्यापुढे दुसरा, अशा रीतीने दिलेले असतात.

ही पुस्तके आज मुख्यतः जुने मेस्त्री, बंद पडलेल्या एजन्सींचे कपाट आणि जुन्या पुस्तकांचा बाजार या ठिकाणी आढळतात. पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार येथे गाड्यांच्या भागांबरोबर कधी कधी त्यांचे कागदही येतात. परदेशांत मोटार कंपन्यांनी आपली दप्तरे सांभाळून ठेवलेली आहेत. इटलीतील तोरिनो शहरात फियाटचे ऐतिहासिक केंद्र आहे आणि इंग्लंडमधील गेडन येथे ब्रिटिश मोटारींचे कागद जतन केलेले आहेत. मूळ आराखडा समजून घेण्यास इटालियन पुस्तक उपयोगी पडते. परंतु भारतात वायरिंगपासून कार्बोरेटरपर्यंत अनेक वस्तू हळूहळू देशी पुरवठादारांच्या येत गेल्या, म्हणून ते पुस्तक आणि कुर्ल्याची गाडी यांचा मेळ प्रत्येक पानावर बसेलच असे नाही.

पुस्तक मिळाले नाही तरी पुष्कळशी माहिती भागावरच कोरलेली असते. बेअरिंगच्या कडेवर ६२०५ असा क्रमांक असेल तर त्याचे शेवटचे दोन अंक पाचाने गुणले असता आतल्या भोकाचा व्यास २५ मिलिमीटर निघतो, आणि हा संकेत आंतरराष्ट्रीय असल्याने ते बेअरिंग कोणत्याही कंपनीचे चालते. ऑइल सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीचे तेल अडवणारी रबरी कडी, हिच्यावर आतला व्यास, बाहेरचा व्यास व जाडी असे तीन आकडे छापलेले असतात. फियाटच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर आहे. सिलिंडर झिजून रिबोअर केले, म्हणजे आतून कापून मोठे केले, की त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन लागतो, म्हणून पूर्वी बोअरिंग झाले आहे काय हे मायक्रोमीटरने मोजल्याशिवाय पिस्टन मागवणे व्यर्थ असते. आट्यांचाही असाच प्रश्न आहे: फियाटचे नटबोल्ट मिलिमीटरच्या मापाचे, तर त्या काळच्या अमेरिकी जीप व ब्रिटिश घडणीच्या गाड्या इंचाच्या मापाच्या, आणि जुळत नसलेला बोल्ट पान्याने जबरीने फिरवला तर भोकातील आटे जातात.

जो भाग कुठेच मिळत नाही तो घडवून घ्यावा लागतो, आणि येथे वैभववाडीकरांना घाटमाथ्यावरील कोल्हापूरचा आधार आहे. शिवाजी उद्यमनगरातील लेथ व फाउंड्रीच्या कारखान्यांत बुश, पिन, दांडा अशा वस्तू नमुन्यावरून करून मिळतात. मात्र झिजलेल्या बुशचे माप घेतले तर नवा बुशही झिजलेल्याच मापाचा होतो. टर्नरच्या हाती मूळ आकडा देता यावा, एवढ्यासाठीही वर्कशॉप मॅन्युअल लागते.

या कागदांना आता कायद्याचेही महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेली, चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी चालवता येत नाही. डिलाइटच्या आरंभीच्या गाड्या ही वयोमर्यादा केव्हाच ओलांडून गेल्या आहेत आणि पहिल्या पद्मिनीही आता त्या रांगेत आल्या आहेत. गाडी मूळ स्वरूपात आहे हे दाखवायला कॅटलॉगमधील चित्रे व क्रमांक उपयोगी पडतात. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी येथे नोंदलेल्या गाड्यांचे कागद रत्नागिरीच्या नावाने असणार, ही गोष्टही शोधताना ध्यानात ठेवावी.

कोकणच्या दमट हवेत, मांगराच्या फळीवर ठेवलेल्या पुस्तकाला बुरशी, कसर आणि वाळवी यांपैकी एक तरी गाठतेच. म्हणून ज्यांच्या घरी बंद झालेल्या गॅरेजचे किंवा विकून टाकलेल्या गाडीचे माहितीपुस्तक, कॅटलॉग वा सुट्या भागांची जुनी बिले असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. पानांची स्वच्छ छायाचित्रे घेऊन मूळ प्रत तालुक्याच्या वाचनालयाकडे किंवा जाणत्या मेस्त्रीकडे सोपवावी, आणि वृद्ध मेस्त्रींना तोंडपाठ असलेली मापे त्यांच्या हयातीतच वहीत उतरवून घ्यावीत.