शिरेंतील रक्त आणि चित्रांतील रेघ

पावसाळ्यांत पंचगंगा गढूळ वाहते आणि पाऊस सरल्यावर तिचा रंग पालटतो. पात्र तेंच, घाट तोच. भेद असतो तो पाण्यांत मिसळलेल्या द्रव्यांचा. मेंदूच्या एम्. आर्. आय्. तपासणींतील एका विशिष्ट प्रकारच्या चित्रांत शिरा काळ्या रेघांसारख्या दिसतात. त्या रेघांचेंही असेंच आहे. त्या किती काळ्या दिसाव्यात हें पुष्कळसें त्यांतून वाहणारें रक्त ठरवितें.

रक्ताला लाली देणाऱ्या हिमोग्लोबिनांत लोह असतें. प्राणवायूनें भरलेलें हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित् दूर सरतें. प्राणवायु देऊन रितें झालेलें मात्र चुंबकाकडे ओढलें जातें. लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनीं हा भेद १९३६ सालीं अमेरिकेंत दाखविला. पुढें १९९० मध्यें सेइजी ओगावा व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं. साध्या हवेंत काळ्या उमटलेल्या शिरा शुद्ध प्राणवायु देतांच बहुतांशीं मावळल्या.

यावरून रेघेचा काळेपणा दोन गोष्टींच्या गुणाकारावर चालतो असें म्हणतां येईल: रक्तांत तांबड्या पेशी किती, आणि त्यांतील हिमोग्लोबिनाचा कितवा भाग रिता. पेशींचें प्रमाण शेंकडा ४० व रिता भाग शेंकडा ३५ असेल तर गुणाकार शेंकडा १४ येतो. रक्तक्षयानें पेशी २४ वर उतरल्या व रिता भाग तेवढाच राहिला, तर तो ८.४ होतो; रेघ फिकी पडते. रक्त फार दाट असल्यास उलट घडतें.

हा नुसता गणिताचा खेळ नव्हे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. बाळंतपणानंतर कांहीं स्त्रियांच्या मेंदूंतील शिरेंत गुठळी होते, आणि रक्तक्षय त्या संकटाला हातभार लावतो. ताजी गुठळी या चित्रांत गडद काळी दिसते. फिक्या शिरा पाहून शिराच बुजल्या असें मानणें जितकें चुकीचें, तितकेंच दाट रक्ताच्या काळ्या शिरांना गुठळ्या समजणेंही धोक्याचें. जाणता वैद्य एका शिरेची तुलना त्याच रुग्णाच्या इतर शिरांशीं करतो आणि शंका राहिल्यास शिरांची वेगळी तपासणी करवितो.

म्हणून बाळंतिणीला तीव्र डोकेदुखी, झटके अथवा अंधुक दृष्टि जाणवल्यास घरच्यांनीं तिला विनाविलंब रुग्णालयांत न्यावें. आणि रक्ततपासणीचा अलीकडील कागद जवळ असल्यास तोही चित्र पाहणाऱ्याच्या हातीं द्यावा. पाण्यांत काय मिसळलें आहे हें ठाऊक असल्याविना नदीच्या रंगाचा अर्थ लागत नाहीं.