‘संबंध’ या शब्दाआड



‘त्यांचे संबंध होते.’ या वाक्यात कोणी कोणाला काय केलं, ते कुठेच नाही. ‘संबंध जुळले’ म्हटलं की दोघांनी एकेक पाऊल पुढे टाकलं असं आपण धरून चालतो. पण दोघांपैकी एक दुसऱ्याच्या मालकीची असेल तर?

थॉमस जेफरसन हा अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा लेखक. सॅली हेमिंग्ज त्याची गुलाम आणि त्याच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण: बाप एक, पण सॅलीची आई गुलाम. १७८७ मध्ये जेफरसनच्या मुलीच्या सोबतीला सॅली त्याच्याकडे पॅरिसला गेली. ती १४ वर्षांची, तो ४४ वर्षांचा. व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मुलाला आईचाच दर्जा मिळे. मालकापासून झालेलं मूल मालकाचीच मालमत्ता!

१८०२ मध्ये एका वर्तमानपत्राने सॅलीला जेफरसनची रखेली म्हटलं. विसाव्या शतकात तिची ‘प्रेयसी’ झाली. मला हा बदल सुधारणा वाटत नाही. ‘रखेली’ शब्द वाईटच, पण त्यात राखणाऱ्याचा हात तरी दिसतो. ‘प्रेयसी’ म्हटलं की तोही पुसला जातो.

कायद्याची भाषाही अशीच. अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या, स्त्रीवरच्या जबरदस्तीविरोधी कायद्यात ‘कोणतीही स्त्री’ असे शब्द होते. सीलिया या गुलाम मुलीने वारंवार बलात्कार करणाऱ्या मालकाला ठार केलं, तेव्हा तिच्या वकिलांनी त्याच शब्दांवर बोट ठेवलं. न्यायाधीशांनी तो बचाव ज्यूरीपुढे जाऊच दिला नाही. डिसेंबर १८५५ मध्ये सीलियाला फाशी दिली. ‘कोणतीही स्त्री’मध्ये ती बसत नव्हती.

आपल्या भाषेकडेही पाहू. पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. अशा बटकीच्या पोटी झालेल्या मुलाला ‘लेकावळा’ म्हणत. नाव मुलाला चिकटलं. बापासाठी मात्र शब्दच घडवला गेला नाही.

मग सॅलीला नुसती ‘बळी’ म्हणावं का? तेही पुरेसं नाही. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये सांगितलेली हकिकत अशी: फ्रान्समध्ये ती मुक्त होऊ शकत होती. पोटात मूल असताना तिने परतायला नकार दिला, आणि आपली मुलं एकविसाव्या वर्षी मुक्त होतील असं जेफरसनकडून वचन घेऊनच ती परतली. सोळा वर्षांच्या मुलीने केलेला हा सौदा होता. त्याला प्रेम म्हणू नका, आणि तिची अक्कलही तिच्याकडून हिरावून घेऊ नका. तिच्या हातचं एक अक्षर आज शिल्लक नाही. म्हणून तिच्याबद्दल लिहिताना क्रियापदाचा कर्ता लपवू नका. ‘संबंध होते’ऐवजी ‘मालकाने गुलाम मुलीला भोगलं’ असं लिहा.

१८२६ मध्ये जेफरसन वारला. मृत्युपत्राने त्याने पाच गुलामांना मुक्त केलं. त्यांत सॅलीचे दोन मुलगे, मॅडिसन आणि एस्टन, होते. सॅलीचं नाव त्यात नव्हतं.